जपानी गाडीत मराठी गाणं : नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका वापरायला तीन गोष्टी लागतात : जपानहून न्यूझीलंडला आलेली एक वापरलेली मोटार, एक मोकळा शनिवार, आणि आपल्याला वायरिंगमधलं थोडंफार कळतं असा ठाम समज. तिसरी गोष्ट जवळ नसेल तर गाडी सरळ कारागिराकडे न्यावी आणि हा मजकूर त्याच्या दुकानातल्या बाकावर बसून वाचावा. खर्च दोन्हीकडे जवळपास सारखाच येतो, पण त्या मार्गाने गेल्यास रविवार शिल्लक राहतो.

गाडीची ओळख

ऑकलंडला नव्याने आलेला मराठी माणूस नोकरी लागली की गाडी घेतो, आणि ती बहुधा जपानमध्ये कुणीतरी वापरून काढून टाकलेली असते. टोयोटा विश, विट्झ, होंडा फिट, माझदा डेमिओ, अलीकडे अ‍ॅक्वा. जपानमध्ये नव्या गाडीची सक्तीची तपासणी तीन वर्षांनी आणि पुढे दर दोन वर्षांनी होते. ती खिशाला लागते, म्हणून लोक चांगल्या धडधाकट गाड्या विकून मोकळे होतात. शिवाय तिथेही स्टिअरिंग उजवीकडे आणि इथेही उजवीकडे. न्यूझीलंडने १९८०च्या दशकाच्या अखेरीस या आयातीवरचे निर्बंध सैल केले, १९९८ साली मोटारींवरचं आयातशुल्क उठवलं, आणि त्याच वर्षी देशातले मोटारजोडणीचे शेवटचे कारखानेही बंद झाले. इंजिन, ब्रेक, एसी या मंडळींना देश बदलल्याचा पत्ताही लागत नाही. डॅशबोर्डच्या मधोमध बसलेल्या चौकोनी यंत्राने मात्र हे देशांतर अजून मान्य केलेलं नसतं.

पहिला पुरावा किल्ली फिरवताच मिळतो. एक बाई अतिशय अदबीने म्हणतात, ‘ईटीसी कादो गा सोन्यू सारेते इमासेन.’ टोलचं कार्ड आत घातलेलं नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. जपानच्या द्रुतगती मार्गांवर २००१ पासून जी टोलयंत्रणा आहे, तिची ही डबी. आपण आता कुठल्याही जपानी टोलनाक्यापासून समुद्रापलीकडे हजारो किलोमीटरवर आहोत, याने बाईंना फरक पडत नाही. नवशिक्याने यावरून रेडिओ बिघडला असा निष्कर्ष काढू नये. हा आवाज रेडिओचा नव्हे, डबी वेगळी असते आणि ती बहुधा ग्लोव्ह बॉक्समध्ये किंवा स्टिअरिंगखाली कुठेतरी दडवलेली असते. रेडिओ बदलला तरी बाई राहतात.

दुसरा पुरावा म्हणजे घड्याळ. पडद्यावरचं घड्याळ उपग्रहाकडून वेळ घेतं आणि ती टोकियोची दाखवतं, म्हणजे ऑकलंडच्या तीन तास मागे. न्यूझीलंडच्या उन्हाळ्यात चार तास. बऱ्याच यंत्रांत हे बदलताच येत नाही. पण त्यावर चिडण्याआधी एक हिशेब करून पाहा. या घड्याळातून साडेतीन तास वजा केले की पुण्यात किती वाजलेत ते कळतं, आणि तेही बारा महिने, कारण जपान आणि भारत दोघेही आपापली घड्याळं कधी पुढेमागे करत नाहीत. ऑकलंडचं घड्याळ सप्टेंबरात पुढे जातं आणि एप्रिलात मागे येतं, त्यामुळे ‘आत्ता फोन केला तर बाबा झोपले असतील का’ या प्रश्नाला भिंतीवरच्या घड्याळापेक्षा डॅशबोर्डवरचं घड्याळ जास्त विश्वासू उत्तर देतं. नवा रेडिओ घेताना ही सोय जाते, हे कुठल्याही दुकानदाराने सांगितल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

नकाशाबद्दल फार लिहीत नाही. त्यात फक्त जपान आहे. तुम्ही माउंट रॉस्किलला दूध आणायला निघालेले असता आणि पडद्यावर गाडी निळ्या समुद्रातून शांतपणे चाललेली असते.

रेडिओचं दुखणं

जपानचा एफएम पट्टा ७६ ते ९० मेगाहर्ट्झ, जवळपास उरलेल्या सगळ्या जगाचा ८८ ते १०८. हा जपान्यांचा तऱ्हेवाईकपणा नाही. ९० ते १०८ या जागेत त्यांच्या दूरचित्रवाणीच्या १, २ आणि ३ क्रमांकाच्या वाहिन्या ठाण मांडून बसल्या होत्या. जुनं टीव्ही प्रक्षेपण २०११-१२ मध्ये थांबलं, जागा रिकामी झाली, मग तिथल्या एफएमची हद्द ९५ पर्यंत सरकली. पण तुमची विश त्याच्या कितीतरी आधी कारखान्यातून बाहेर पडलेली आहे.

परिणाम असा, की ऑकलंडमध्ये तिच्या रेडिओला ८८ ते ९० एवढीच चिंचोळी पट्टी सापडते. आरएनझेड नॅशनल आहे १०१.४ वर, हिंदी गाणी लावणारं हम एफएम १०६.२ वर. दोन्ही हद्दीबाहेर. एएमचं मात्र काही अडत नाही, कारण दोन्ही देशांत एएमची स्टेशनं नऊ-नऊ किलोहर्ट्झच्या अंतराने मांडलेली आहेत, त्यामुळे १३८६ वरचं रेडिओ तराना पहिल्या दिवसापासून लागतं. अमेरिकेत हे अंतर दहाचं आहे. तिथून गाडी आणणाऱ्याच्या नशिबी हेही सुख नाही.

यावर तीन उपाय आहेत. ते वाढत्या खर्चाच्या आणि उतरत्या शहाणपणाच्या क्रमाने देतो.

पहिला उपाय : सिगारेट लायटरच्या भोकात बसणारा छोटा एफएम ट्रान्समीटर. फोनवरचं गाणं तो ८८च्या आसपास प्रक्षेपित करतो, आणि ८८ ही जागा जपानी रेडिओलाही ठाऊक आहे. एकही स्क्रू न काढता सुधीर फडके गाडीत येतात. खरं तर ही मार्गदर्शिका इथेच संपायला हरकत नव्हती. पण एवढ्यावर समाधान मानणारा माणूस शनिवारी सकाळी हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन अंगणात उभा राहत नाही, आणि आपण तर तिथे उभे आहोत.

दुसरा उपाय : बँड एक्स्पांडर. काडेपेटीएवढी डबी, अँटेनाची वायर आणि रेडिओ यांच्या मध्ये बसते, वरच्या फ्रिक्वेन्सी ठरावीक आकड्याने खाली उतरवते. १२, १४, १६, २० अशा मापांत मिळते. १२ची घेतली तर १०१.४ चं स्टेशन ८९.४ वर लागतं, म्हणजे आकाशवाणीच्या श्रोत्याला सवय नसलेली वजाबाकी. पण १०६.२ उतरून येतं ९४.२ वर, आणि जुना रेडिओ नव्वदलाच थांबतो. १६ची घ्या, तर तेच स्टेशन ९०.२ वर येतं आणि दोन दशांशांनी निसटतं. २०ची घेतली तर ते ८६.२ वर ऐटीत लागतं, पण आता ९६च्या खालची सगळी स्टेशनं ७६च्याही खाली गेली. तरुण पोरांचं झेडएम ९१.० वर असतं. म्हणजे डबी निवडताना घरात कुणाचं ऐकायचं हे आधी ठरवावं लागतं, आणि हा निर्णय तंत्राचा नाही. एकदा डबी बसली की गाडीतल्या प्रत्येकाने पुढची अनेक वर्षं स्टेशन लावताना मनात वजाबाकी करायची. मुलांचं गणित सुधारतं, असं म्हणणारे पालक मला भेटलेले आहेत. मुलं भेटलेली नाहीत.

तिसरा उपाय म्हणजे जुना रेडिओ उपटून पडदा, ब्लूटूथ, कॅमेरा, सगळं असलेला नवा बसवणं. पुढचा मजकूर याच उपायाबद्दल आहे.

साहित्य

डॅशबोर्डच्या पट्ट्या उचकटायला प्लास्टिकच्या पाती घ्या. चमच्याने काम होत नाही, चमच्याने फक्त खुणा होतात. दहा मिलिमीटरचा पाना लागेल. तो तुमच्या संचात नसेल, तो कुणाच्याच संचात नसतो, म्हणून दोन आणा.

स्क्रूड्रायव्हरबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. जपानी गाडीतले फुलीचे स्क्रू दिसायला आपल्या नेहमीच्या फिलिप्ससारखे, पण त्यांचं माप जपानी मानकाचं, जेआयएसचं. फिलिप्सचं टोक त्या फुलीत नीट बूड टेकवत नाही. जोर दिला की उसळून बाहेर येतं आणि फुलीचा वाटोळा खड्डा होतो. एकदा खड्डा झाला की तो स्क्रू गाडीबरोबरच भंगारात जाणार. जेआयएस टोकाचा स्क्रूड्रायव्हर थोडा शोधावा लागतो, पण या कामात ‘माझ्याकडे आहे ना तोच चालेल’ या वाक्याने जेवढं नुकसान केलं आहे, तेवढं शॉर्टसर्किटनेही केलं नसेल.

मल्टिमीटर घ्या. नवा रेडिओ आणि गाडी यांच्यातला तयार वायरजोड घ्या. सँड्रिंगहॅम रोडवर दोघांनी पोटभर जेवावं तेवढ्या पैशांत तो मिळतो, आणि या सबंध उद्योगात वादातीत असा हाच एक खर्च आहे. गाडी टोयोटाची असेल तर बाजूच्या भरणपट्ट्या घ्या, कारण टोयोटाच्या रेडिओचं तोंड २०० मिलिमीटर रुंद असतं आणि बाजारातला नेहमीचा रेडिओ १७८चा. पट्ट्या नसतील तर दोन्ही बाजूंना बोटभर फट राहते. त्या फटीत पुढे पार्किंगच्या पावत्या जातात.

निघालेले स्क्रू ठेवायला इडलीपात्र उत्तम. प्रत्येक खळगा म्हणजे एक टप्पा. घरच्यांना विचारून घ्यावं आणि परत करताना धुऊन द्यावं.

टॉर्च धरायला एक मित्र असावा. तो गप्प बसणारा असावा. तसा न मिळाल्यास टॉर्च कपाळाला बांधावा. स्वतःच्या गाडीबद्दल ‘हे सगळं मीच केलंय’ असं सांगणाऱ्या गृहस्थाला बोलावू नये. मराठी मंडळींच्या कुठल्याही जमावात असा एक असतोच, तो चहाच्या वेळेला आपोआप येतो, आणि उंटावरून शेळ्या हाकून जेवणाच्या आधी निघून जातो.

उघडणे

आधी बॅटरीची ऋण बाजू सोडवा. हायब्रिड असेल तर बॉनेट उघडून बॅटरी शोधत बसू नका. अ‍ॅक्वात बारा व्होल्टची बॅटरी मागच्या सीटखाली असते. त्याच परिसरात १४४ व्होल्टची मोठी बॅटरीही राहते. तिच्या केबली नारिंगी रंगाच्या असतात. नारिंगी दिसलं की हात मागे घ्यायचा, हा नियम विनोदाविना पाळावा. बॅटरी सोडवल्यावर दीड मिनिट काही करू नका. एअरबॅगच्या यंत्रणेत साठलेला चार्ज उतरायला टोयोटा एवढा वेळ द्यायला सांगते, आणि चहा पुढ्यात आलेलाच असतो.

इथे एक सूचना, जी खरं म्हणजे बॅटरी सोडवण्याआधी वाचायला हवी होती. काही टोयोटांमधला जपानी रेडिओ वीज तुटली की जागा झाल्यावर नकाशाचं एसडी कार्ड मागतो, आणि ते मिळेपर्यंत बाकी काहीही करायला नकार देतो. गाणी नाहीत, रेडिओ नाही. ते कार्ड बऱ्याचदा जपानमधल्या आधीच्या मालकाने प्रामाणिकपणे स्वतःजवळ ठेवून घेतलेलं असतं. सारांश, मन बदललं तर मागे फिरण्याचा रस्ता या टप्प्यावर बंद झालेला असू शकतो.

आता पट्टी उचकटा. पाती फटीत घालून हलके दाबलं की ‘टक्’ असा आवाज येतो. हा क्लिप सुटल्याचा आवाज. क्लिप तुटल्याचा आवाजही हाच असतो. फरक पट्टी हातात आल्यावर कळतो : पांढरी टाचणीएवढी नखी पट्टीला चिकटलेली असेल तर सुटली, डॅशबोर्डमध्येच अडकून राहिली असेल तर तुटली. तुटलेल्या क्लिपांचे तुकडे गोळा करून ठेवू नयेत, त्यांचा काहीही उपयोग होत नाही, तरी सगळे ठेवतात.

चार बोल्ट काढा, रेडिओ पुढे ओढा. तो दोन इंच येतो आणि थांबतो. मागून शेवयांसारखा वायरींचा पुंजका त्याला धरून असतो. त्यात हात घालताना पत्र्याची एक कड बोटाला लागते. ती कड प्रत्येक गाडीत असते, जागा बदलते.

रंगांचा घोळ

बाजारातल्या नव्या रेडिओच्या वायरी एका ठरलेल्या भाषेत बोलतात : पिवळी म्हणजे बॅटरीची कायमची वीज, लाल म्हणजे किल्ली फिरवल्यावर येणारी वीज, काळी म्हणजे अर्थिंग. दुकानात, व्हिडिओत, डबीवर, सगळीकडे हेच लिहिलेलं सापडेल. टोयोटाच्या गाडीत मात्र कायमची वीज निळ्या-पिवळ्या वायरीत असते, किल्लीची राखाडीत, अर्थिंग तपकिरीत. मग गाडीकडून आलेली काळी वायर कसली? मागच्या डाव्या स्पीकरची, धन बाजू. पिवळी? त्याच स्पीकरची ऋण बाजू. लाल? मागच्या उजव्या स्पीकरची.

आता वर उल्लेख केलेले गृहस्थ चहा पितापिता म्हणतात, ‘अहो, काळ्याला काळी, लालला लाल, पिवळ्याला पिवळी. यात काय एवढं?’ त्यांचं ऐकलं तर पिवळी आणि काळी मिळून नव्या रेडिओची सगळी वीज गाडीच्या मागच्या डाव्या कोपऱ्यातल्या एका स्पीकरकडे मागतील. तिथे वीज नसतेच, त्यामुळे रेडिओ चालूच होत नाही. मग गृहस्थ म्हणतात, ‘पीस खराब दिसतोय.’ रेडिओ दुकानात परत जातो, तिथे टेबलावर तो ठणठणीत वाजतो, दुकानदार तुमच्याकडे बघतो. हे एवढ्यावर निभावलं तर नशीब समजा. उलट्या दिशेचा घोळ, म्हणजे बॅटरीची बारा व्होल्ट चुकून स्पीकरच्या वायरीत गेली, तर रेडिओतली अ‍ॅम्प्लिफायरची चिप क्षणभर उबदार होते आणि मग कायमची गार पडते.

म्हणून रंग पाहू नका, मीटर लावा. अर्थिंग नक्की केल्यावर किल्ली बंद असताना बारा व्होल्ट दाखवते ती कायमची, किल्ली फिरवल्यावरच दाखवते ती दुसरी. (हो, त्यासाठी बॅटरी तात्पुरती पुन्हा जोडावी लागते. हो, मग ती पुन्हा सोडवावी लागते.) या दोघींची अदलाबदल झाली तर गाडी बंद करताच रेडिओ सगळं विसरतो आणि रोज सकाळी तुम्हाला भाषा कोणती हवी असं विचारतो. दोन्ही कायमच्या विजेला जोडल्या तर तो रात्रभर जागा राहतो आणि सोमवारी सकाळी गाडीच चालू होत नाही. तयार वायरजोड घेतला असेल तर यातलं काहीही करावं लागत नाही, दोन प्लग दाबले की संपलं. एक दहा पिनांचा, एक सहाचा. पण वायरजोड न घेताच माणूस दुकानातून बाहेर कसा पडतो, याचा मी बराच विचार केला आहे, आणि उत्तर ‘वायरी तर सरळच आहेत की’ या वाक्यापाशीच येऊन थांबतं.

पन्नास वॉट

नव्या रेडिओच्या खोक्यावर ठळक छापलेलं असतं : ५० वॉट × ४. दोनशे वॉट म्हणजे काय, हे गणेशोत्सवाच्या मांडवात उभ्या राहिलेल्या माणसाला सांगावं लागत नाही, म्हणून तो लगेच भुलतो. आता शाळेतलं सूत्र आठवा. इंजिन चालू असताना गाडीत १४.४ व्होल्ट, स्पीकर चार ओहमचा. व्होल्टेजचा वर्ग भागिले रोध : १४.४ गुणिले १४.४ म्हणजे २०७, भागिले चार, साधारण बावन्न. हे झाले खोक्यावरचे पन्नास. पण ही वीज स्पीकरला सरळ सपाट दिली तर मिळणारा आकडा, म्हणजे रेडिओ पूर्ण फाटून नुसता खरखरत असताना. सुरेल, न फाटलेला आवाज हवा तर त्याच्या निम्मे, सव्वीसच्या आत, आणि प्रत्यक्षात वीसच्या आसपास. जपानी रेडिओही तेवढेच देत होता. तेव्हा ‘जुन्यापेक्षा दमदार वाजतो’ असं बसवणाऱ्याला जे वाटतं, ते कानाचं नव्हे, बोटाला लागलेल्या पत्र्याच्या कडेचं मत असतं.

खरा दम हवा असेल तर वेगळा अ‍ॅम्प्लिफायर लावा. त्याची जाड वायर थेट बॅटरीवरून घ्या आणि बॅटरीपासून अर्ध्या मीटरच्या आत फ्यूज घाला. फ्यूज अ‍ॅम्प्लिफायरसाठी नाही, वायर कुठे पत्र्याला घासली तर गाडी पेटू नये म्हणून आहे. बसवल्यावर इंजिनच्या वेगाबरोबर चढत-उतरत जाणारी एक शीळ ऐकू आली तर ती अल्टरनेटरची. अर्थिंग दोन वेगळ्या जागी घेतलंत, एका जागी घ्या. सबवूफरबद्दल या मार्गदर्शिकेचं मौन आहे. शेजाऱ्यांचं नसतं.

दार

रेडिओ बदलून आवाज बदलत नाही हे कळल्यावर माणूस स्पीकरकडे वळतो. बरोबर वळतो, फक्त रेडिओच्या आधी वळायला हवं होतं. टोयोटाचे कारखान्यातले दारातले स्पीकर अनेकदा स्क्रूने नव्हे, रिव्हेटने ठोकलेले असतात. रिव्हेट ड्रिलने उडवावे लागतात. त्याआधी दाराचं आतलं आवरण काढायचं, आणि त्यामागे भेटतो काळा चिकटा.

दारात पाणी शिरतं. ते आत येऊ नये म्हणून आवरणाच्या मागे पातळ प्लास्टिकचा पडदा असतो, आणि तो ज्याने चिकटवलेला असतो ते ब्युटिल. ते वाळत नाही. दहा-पंधरा वर्षांनीही काल लावल्यासारखं ओलं, ताणलं की तार सुटते. बोटाला लागतं, बोटावरून कपाळाला, कपाळावरून टॉर्चला, आणि मग, पुढचे काही आठवडे, घरातल्या अशा वस्तूंना ज्यांचा गाडीशी कधी संबंध आलेला नाही. पाण्याने जात नाही, साबणाने पसरतं. गोडेतेलाने थोडं सुटतं. पडदा मात्र तसाच लटकत सोडू नका. ऑकलंडमध्ये एका दिवसात चार ऋतू होतात असं लोक म्हणतात, आणि त्यातले तीन पावसाळे असतात. पडदा नीट न चिकटवलेल्या दाराचं पाणी सरळ पायाखालच्या गालिच्यात येतं.

नवा स्पीकर जोडण्याआधी पेन्सिलसेलच्या दोन टोकांना त्याच्या वायरी क्षणभर लावा. स्पीकरचा पडदा बाहेर उसळला तर धनाला धन लागलं, आत गेला तर उलटं. डावा एका दिशेने आणि उजवा दुसऱ्या दिशेने हलत असला की दोघे एकमेकांचा खर्ज खाऊन टाकतात. तबला ऐकू येतो, डग्गा येत नाही.

चित्र

मागच्या पार्किंगचा मूळ कॅमेरा नव्या रेडिओला जोडताना मधे योग्य अडॅप्टर घाला. टोयोटाच्या कॅमेऱ्याला साधारण सहा व्होल्ट लागतात, बाजारातल्याला बारा. बारा दिले की मूळ कॅमेरा एकदाच काहीतरी दाखवतो.

जपानी गाडीतला टीव्ही न्यूझीलंडमध्ये लागत नाही, कारण दोन देशांच्या डिजिटल प्रक्षेपणाच्या पद्धती वेगळ्या. समोरच्या काचेच्या कोपऱ्यांत चिकटलेल्या बारीक तारा त्या टीव्हीच्याच. घरून आणलेल्या मराठी सिनेमांच्या डीव्हीडीबद्दल सांगायचं तर जगाचे सहा विभाग केलेले आहेत : जपान दोनमध्ये, न्यूझीलंड चारमध्ये, भारत पाचमध्ये. गाडी एका विभागातली, रस्ता दुसऱ्यातला, सिनेमा तिसऱ्यातला. भारतातल्या बऱ्याच डीव्हीडींवर विभागाचं बंधन नसतं, पण मग चित्राची पद्धत आडवी येते. भारत पॅलवाला, जपान एनटीएससीवाला. ‘अशी ही बनवाबनवी’ मागच्या सीटवर दाखवायचा बेत ज्यांनी केला त्यांना पडद्यावर बहुधा एक नम्र जपानी ओळ दिसली.

नव्या रेडिओतला सिनेमा चालत्या गाडीत बंद पडतो, कारण त्याची एक बारीक वायर हँडब्रेकच्या स्विचला जोडायची असते. ती सरळ अर्थिंगला टोचून यंत्राला फसवता येतं, हे सांगणारे भरपूर भेटतील. चालत्या गाडीत चालकाला सिनेमा दिसेल अशी मांडणी इथल्या नियमांत बसत नाही, आणि नियम बाजूला ठेवला तरी हार्बर ब्रिजवर समोर अशोक सराफ असताना आरशात बघायची इच्छा कुणाला होणार? वायर जिथे सांगितली आहे तिथे जोडा.

शेवटची चाचणी

१ नोव्हेंबर २००९ पासून न्यूझीलंडमध्ये गाडी चालवताना हातात फोन धरायला बंदी आहे, म्हणून ब्लूटूथचा मायक्रोफोन नीट बसवणं हे शोभेचं काम नाही. रेडिओबरोबर आलेला मायक्रोफोन बहुतेक जण स्टिअरिंगमागे कुठेतरी चिकटवतात, कारण दिवस मावळलेला असतो. चाचणीसाठी आईला फोन लावावा. ती विचारते, ‘तू बादलीत तोंड घालून बोलतोयस का?’ मग मायक्रोफोन काचेच्या कडेच्या खांबावर, तोंडासमोर आणि एसीच्या झोतापासून दूर न्यावा. पुन्हा फोन लावावा. आता तिला स्वच्छ ऐकू येतं, आणि तुम्हाला तिचा आवाज चारही दारांतून येतो. ‘तुझे ते काका आलेत म्हणे तिकडे? अजून तसेच आहेत का चिकट?’ म्हणून फोन उचलल्यावर तोंडातून निघायचं पहिलं वाक्य पाठ करून ठेवा : ‘आई, तू स्पीकरवर आहेस, आणि काका मागे बसलेत.’ हे ती बोलायला लागायच्या आधी म्हणायचं असतं, आणि त्यासाठी ज्या चपळाईची गरज आहे ती कुठल्याही वायरजोडाबरोबर मिळत नाही.